'नज' कुठे आणि कसा वापरायचा

इंग्रजी 'नज' (nudge) म्हणजे हलकासा धक्का. हिंजवडीच्या ऑफिसांत सर्वांत जास्त चालतो तो 'जेंटल नज': उत्तर न दिलेल्या माणसाला हळूच करून दिलेली आठवण. 'जस्ट अ जेंटल नज ऑन द इनव्हॉइस' एवढं पुरे, पण ते जुन्याच मेलच्या रिप्लायमध्ये लिहा आणि कधीपर्यंत हवं तेही सांगा. नाहीतर तो टोमणा वाटतो, आणि टोमण्यांची पुण्यात आधीच टंचाई नाही. पहिल्या मेलनंतर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या. तासाभरात केलेला नज म्हणजे तगादा. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर सरळ 'रिमाइंडर' म्हणा.

क्रियापद म्हणून वापरताना 'नज हर टू अप्लाय' बरोबर, 'नज हर फॉर अप्लाइंग' चूक. बसमध्ये शेजाऱ्याला कोपरानं हलकंसं ढोसणं हाही नज. जोर लावला की पुश.

अर्थशास्त्रातला नज, म्हणजे सक्ती न करता निवडीला हळूच दिशा देणं, अर्थतज्ज्ञ थेलर आणि कायदेतज्ज्ञ सनस्टीन यांनी 2008 मध्ये रूढ केला. कँटीनमध्ये फळं नजरेसमोर मांडणं हा नज, वडापाव बंद करणं नव्हे.

उच्चारातला 'ज' 'जन्म'मधला, 'जहाज'मधला नाही. आणि स्पेलिंगमधला 'जी' जपा. तो गळला तर 'न्यूड' उरतो, आणि तोही खराच शब्द असल्यानं स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही.