नेटचा वेग तपासायचा? आधी आठने भागा

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड करताना संगणक सेकंदाला जेमतेम १२ एमबी दाखवतो. लगेच कस्टमर केअरला फोन लावू नका, बहुतेक वेळा वेग बरोबरच असतो. कंपनी वेग बिटमध्ये सांगते, फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये असतो, आणि ८ बिटचा १ बाइट होतो. (इंग्रजीत लिहिताना बिटचा बी लहान, बाइटचा मोठा. जाहिरातीत हा फरक कोण बघतं!)

१. प्लॅनचा आकडा ८ ने भागा. १०० चे झाले १२.५ एमबी, ४० चे ५ एमबी.

२. फाइलच्या आकाराला त्या आकड्याने भागा. २ जीबी म्हणजे साधारण २००० एमबी, म्हणजे १०० च्या प्लॅनवर १६० सेकंद. प्रत्यक्षात थोडे जास्तच धरा.

३. तरीही वेग फारच कमी वाटला तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. केबलवर आकडा नीट आला तर दोष वायफायचा. मग ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, पण राउटरच्याच खोलीत बसून. दोन भिंतींपलीकडे २.४ चंच बरं चालतं.

एक सावधगिरी: 'अनलिमिटेड' प्लॅनलाही बऱ्याचदा महिन्याची डेटा मर्यादा असते आणि ती संपली की वेग एकदम उतरतो. म्हणून तक्रार करण्याआधी ॲपमध्ये महिन्याचा वापर बघून घ्या.