वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी बघायला निघालात? या चुका टाळा

मुलांकडे लंडनला गेलेल्या आई-बाबांचा अ‍ॅबीचा बेत हमखास रविवारी ठरतो, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच. पण रविवारी अ‍ॅबी पर्यटकांसाठी बंद असते आणि फक्त प्रार्थनेसाठी उघडते. हे आजही रोजची प्रार्थना होणारं चर्च आहे. त्यामुळे एखादी स्मृतिसभा किंवा राजघराण्याचा कार्यक्रम असला, की इतर दिवशीही दारं बंद होतात. तिकीट काढण्यापूर्वी अ‍ॅबीच्या संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ बघा, आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा. रविवारच जमत असेल तर सरळ प्रार्थनेला बसा. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र त्या वेळी इकडेतिकडे फिरता येत नाही, फोटोही काढायचे नाहीत.

पत्त्याचाही घोळ होतो. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल ही वेगळी वास्तू आहे. व्हिक्टोरिया स्टेशनजवळची, विटांची, कॅथलिक पंथाची. तिथे पोचलात तर घाबरू नका, अ‍ॅबी चालत जाण्याइतकी जवळ आहे. भुयारी रेल्वेनं येताना वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरा, संसदेच्या समोरच अ‍ॅबी दिसेल. विमानतळावरून थेट मोठ्या बॅगा घेऊन मात्र येऊ नका. त्या आत नेता येत नाहीत, आणि ठेवायची सोयही नाही.

आत गेल्यावरची मोठी चूक म्हणजे घाई. १०६६ पासून इंग्लंडच्या राजांचे राज्याभिषेक इथे होत आले आहेत, म्हणून सगळ्यांना आधी ती राज्याभिषेकाची खुर्ची बघायची असते. ती पश्चिमेच्या दाराजवळ आहे. तिथे पोचेपर्यंत पाय दुखायला लागतात आणि माणसं एक फोटो काढून बाहेर पडतात. जरा थांबा. पहिल्या एडवर्डनं सुमारे १३०० साली करून घेतलेल्या या ओकच्या खुर्चीवर शाळकरी पोरांनी आणि पर्यटकांनी चाकूनं नावं कोरून ठेवली आहेत. एकानं तर जुलै १८०० मध्ये आपण या खुर्चीत झोपलो, असं लिहिलंय. बैठकीखालची जागा रिकामी दिसते, कारण तिथला स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत गेला. २०२३ च्या राज्याभिषेकापुरता तो पुन्हा आणला होता.

सातव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये मान वर करायला विसरू नका. छताचे दगड पंख्यासारखे उलगडत जातात आणि मधूनमधून झुंबरासारखे खाली लोंबतात. मला अख्ख्या अ‍ॅबीतली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. बाजूलाच एलिझाबेथ पहिलीची कबर आहे. तिच्याच कबरीत तिची सावत्र बहीण मेरीही आहे, पण वर पुतळा फक्त एलिझाबेथचा.

आणि पायाखाली न बघणं ही तर आपल्या लोकांनी मुळीच करू नये अशी चूक. मुख्य दालनाच्या मध्यभागी आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या कबरीची काळी शिळा आहे. तो १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला, आणि त्याच्या आफ्रिकन साथीदारांनी त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला होता. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे राहत. जिथे लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं, त्या झाडावर जेकबनं लेख कोरला. पुढे एप्रिल १८७४ मध्ये याच अ‍ॅबीत शवपेटीला आधार देणाऱ्यांमध्ये तो होता. नाशिककरांनी तरी त्या शिळेपाशी दोन मिनिटं थांबायलाच हवं. त्याच दालनात जेम्स आउटरमही पुरलेला आहे, खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा.

दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या नावाचं वरच्या मजल्यावरचं दालन (क्वीन्स डायमंड ज्युबिली गॅलरीज) बघायचं असेल तर वेगळं, वेळ ठरवलेलं तिकीट लागतं. ते आधीच घ्या, नाहीतर आत गेल्यावर हळहळ होते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर जिन्याऐवजी लिफ्टनं जाता येतं.