वॉशिंग मशीनला कुबट वास येतोय? आधी या चुका टाळा

धुऊन वाळवलेला टॉवेल कपाटात असताना अगदी ठीक वाटतो. पण तोंड पुसलं, तो जरासा ओला झाला की त्याला कुबट वास सुटतो. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा मी पावडरचं माप वाढवलं. महिनाभरात वास टॉवेलवरून शर्टांवर आला. मग मशीनचं दार उघडून रबराची घडी बोटाने मागे ओढली, तर आत काळपट, बुळबुळीत थर होता. कपडे ज्यात स्वच्छ व्हायचे, तेच आतून घाण झालं होतं, आणि मी त्याला आणखी साबण खाऊ घालत होते.

आपल्याला दिसतो तो भोकांचा स्टीलचा ड्रम. तो एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये बसवलेला असतो. या दोघांमधली फट आणि ड्रमची मागची बाजू आपल्या नजरेला कधीच पडत नाही. नीट न निघालेला साबण, सॉफ्टनरचा चिकटपणा, कपड्यांतून आलेलं अंगाचं तेल आणि तंतू, सगळं तिथे जाऊन बसतं. वर कायमचा ओलावा असतो, त्यामुळे जिवाणू आणि बुरशीचं फावतं. धुतलेल्या कपड्यांच्या या खास वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू सापडला आहे. कपडा वाळला तरी तो तग धरतो आणि ओलावा मिळाला की पुन्हा कामाला लागतो. टॉवेल ओला झाल्यावरच वास का येतो, ते यावरून कळतं.

जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत

सगळ्यात महागात पडणारी चूक मी हीच मानते. फ्रंट लोड मशीन खूप कमी पाणी वापरतं. त्यात कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, मळ त्या आपटण्यानेच निघतो. फेस जास्त झाला की कपडे त्या फेसावर अलगद पडतात आणि मळ तसाच राहतो. शिवाय तेवढा फेस खंगाळून काढायला मशीनमधलं पाणी पुरत नाही. काही मशीन फेस ओळखून स्वतःहून जादा खंगाळणी करतात, म्हणून धुलाई मध्येच लांबते आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं.

खात्री करायची असेल तर ड्रम रिकामा ठेवा, साबण अजिबात घालू नका आणि गरम पाण्याची धुलाई लावा. दहा-पंधरा मिनिटांनी काचेवर फेस दिसला, तर तो आजचा नाही, आतापर्यंत साचलेला आहे. फ्रंट लोडसाठी कमी फेसाचीच पावडर किंवा लिक्विड घ्या आणि पाकिटावरचं माप पाळा. हाताने धुण्याची पावडर यात नकोच. सॉफ्टनरही जपून वापरा. त्यातले मेणचट घटक कपड्यांना मऊ करतात, पण टबलाही चिकटतात, आणि टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

सदा थंड पाणी, सदा झटपट धुलाई

रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरतं, त्यात गैर काही नाही. मात्र मशीनला अधूनमधून गरम पाणी लागतंच. महिन्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसवर किंवा त्याहून जास्त तापमानावर लांब पल्ल्याची धुलाई रिकाम्या ड्रमने लावा. टब क्लीनचं बटण असेल तर ते वापरा. त्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर घातली तर चिकट थर चांगला सुटतो, आणि ती गरम पाण्यातच नीट काम करते. टॉप लोडमध्ये हीटर नसेल तर टब गरम पाण्याने भरा (उकळतं पाणी नको), पावडर घाला, थोडं फिरवून तासभर थांबवा आणि मग धुलाई पूर्ण करा. पाण्यावर काळपट पापुद्रे तरंगताना दिसतील. ते निघेपर्यंत साध्या पाण्याने पुन्हा एकदा फिरवा, नाहीतर पुढच्या कपड्यांवर चिकटतील.

दार लगेच बंद करणं

धुलाई संपली की कपडे लगेच काढा. रबराच्या खालच्या घडीत पाणी, केस, नाणी, कधी एखादा मोजा अडकलेला असतो. तो काढून घडी कोरड्या फडक्याने पुसा. दार चार बोटं उघडं ठेवा आणि पावडरचा कप्पाही ओढून ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दरवेळी सुरू करण्याआधी ड्रममध्ये डोकावून बघा.

कप्पा पूर्ण बाहेर काढता येतो. आतला खटका दाबून ओढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. कप्पा बसतो त्या खणाच्या वरच्या बाजूला पाण्याची भोकं असतात, तिथे बुरशी हमखास असते. सॉफ्टनरच्या खणात पाणी तसंच राहत असेल तर त्यातली छोटी टोपी काढून धुवा, तिची नळी तुंबलेली असते.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र

हा उपाय इतका पसरलाय की त्यावर बोलायलाच हवं. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की एकमेकांना मारतात. बुडबुडे छान दिसतात, पण मागे उरतं जवळपास खारट पाणीच. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड तर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. एकाच दिवशी एकापाठोपाठही वापरू नका.

जड पाण्यातले क्षार हीटरवर बसले असतील तर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, उपयोगी पडतं. साधारण १०० ग्रॅम ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर रिकामी धुलाई लावायची. हे वर्षातून दोन-तीनदा पुरे, कारण वारंवार आम्ल वापरल्याने रबर आणि ड्रममागचे धातूचे भाग झिजतात.

पंपाचा फिल्टर विसरणं

फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. ते बऱ्याच घरांत मशीन आणल्यापासून उघडलेलंच नसतं. पाणी उपसलं जात नाही, पिळताना मशीन थांबतं, दार उघडत नाही, अशा तक्रारी असतील तर पहिली तपासणी इथे. आधी प्लग काढा. पाणी गरम असेल तर निवू द्या. खाली पसरट ताट आणि जुनं फडकं ठेवा, शेजारी छोटी नळी असेल तर तिची बूच काढून पाणी सोडा. मग फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवा. आत टाचणी, बटण, तंतूंचा गोळा असं काहीही मिळेल. फिल्टर होता त्या पोकळीत टॉर्च मारून पंपाचं पातं बोटाने फिरतंय का बघा. तिथे केस गुंडाळलेले असतात. फिल्टर परत लावताना आटे सरळ बसले पाहिजेत, नाहीतर पुढच्या धुलाईला जमिनीवर पाणी. टॉप लोडमध्ये टबच्या कडेला तंतूंची जाळी असते, ती दर दोन-तीन धुलायांनी झटका.

पाणी हळू भरतंय? नळ बंद करून मागचा पाइप सोडवा, जोडाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलेली असेल. पाणी भरतं आणि आपोआप निघून जातं? ड्रेन पाइप फार खाली पडलाय किंवा गटाराच्या नळीत फार खोल खुपसलाय. नवं मशीन उड्या मारतंय? मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का ते आधी बघा, मग चारही पाय समतल करा. एकटी जाड चादर पिळली जात नसेल तर सोबत दोन टॉवेल टाका. ड्रम ठासून भरू नका, सुती कपड्यांवर हात आडवा जाईल इतकी जागा राहू द्या.

एक गोष्ट मात्र घरच्या साफसफाईने सुटत नाही. पिळताना घरघर दिवसेंदिवस वाढत असेल तर प्लग काढून रिकामा ड्रम आतून वरच्या कडेला धरा आणि वर-खाली हलवा. सगळा टब एकत्र हलला तर ठीक, तो स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. पण ड्रम एकटाच टबच्या आत खडखडला, तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, गेलंय. त्यानंतर एकही धुलाई लावू नका, तंत्रज्ञाला बोलवा.