रेडमाइनचं प्लगइन: नवतप्याआधी करून ठेवायची तयारी

रेडमाइन म्हणजे टीमच्या कामांच्या नोंदी, म्हणजे तिकिटं, सांभाळणारं सॉफ्टवेअर; प्लगइन म्हणजे त्याला वरून जोडायचा जादा भाग. असं प्लगइन लिहायचं ठरवलं असेल, तर एडिटर उघडण्याआधी ते ज्याला हवंय अशा एका माणसाशी बोला. नागपूरच्या मिहान या आयटी-उद्योग परिसरातल्या एखाद्या टीमचा टेस्टर चालेल. "कोणतं तिकीट कोणाकडे अडकलं तेच समजून नाही राहिलं भाऊ," असं तो म्हणाला, तर ते वाक्य तसंच लिहून ठेवा. गरज सांगताना दोनदा 'आणि' म्हणावं लागलं, तर ती दोन प्लगइन्स आहेत. मग रेडमाइनच्या संकेतस्थळावरची प्लगइनची यादी चाळा. तेच काम करणारं, पण जुन्या आवृत्तीवर थांबलेलं प्लगइन सापडलं, तर ते दुरुस्त करून मूळ लेखकाकडे पाठवा. नवं लिहिण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं, असं माझं मत.

आवृत्ती आधीच ठरवा. रेडमाइन रेल्स या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कवर उभं आहे: ५.० रेल्स ६.१ वर चालतं, ६.० रेल्स ७.२ वर. ५.० पासून फाइलचं नाव आणि आतल्या क्लासचं नाव जुळलंच पाहिजे, नाहीतर प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर सुरू होतानाच अडतो. किमान कोणती आवृत्ती लागते, ती ओळ नोंदणीच्या फाइलमध्ये घाला. सगळी जेम्स (रुबीची तयार पॅकेजं) आधीच उतरवून घ्या. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी लाइन गेली की लॅपटॉप तग धरतो, राउटर नाही. घरी डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरतं, पण एकदा तरी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवर चालवून बघा.

मूळ कोडला हात लावायचा नाही. रेडमाइनने ठिकठिकाणी हुक, म्हणजे आपला कोड अडकवायच्या जागा, दिलेले आहेत, त्यांवर भागवा. तुमच्या प्लगइनने एक मेथड बदलली आणि दुसऱ्या कोणाच्या प्लगइननेही तीच बदलली, की दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडा जातो. हवा तो हुक नसेल, तर त्याचा पॅच (मूळ कोडमध्ये सुचवलेला बदल) वेगळा पाठवा, तोही रेडमाइनच्याच तिकिटाला जोडून. प्रकल्पाचा मूळ कोड सबव्हर्जन या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात असतो, गिटहबवर त्याची फक्त प्रत आहे.

सगळ्यात जास्त वेळ प्लगइन काढून टाकण्याच्या तयारीला द्या. प्रत्येक मायग्रेशनला, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलला, उलटी वाट हवी. प्लगइनचं नाव आणि आवृत्ती शून्य देऊन मायग्रेशन चालवलं, की तुमची टेबलं जायला हवीत आणि जुनी तिकिटं जशीच्या तशी उघडायला हवीत. हे आधी, फोल्डर पुसणं नंतर. उलट केलं तर टेबलं बेवारस पडून राहतात. हा क्रम वापरणाऱ्यालाही ठळक सांगा. ज्याला प्लगइन काढता येत नाही, तो ॲडमिन पुढच्या वेळी काहीच बसवत नाही.

खाजगी तिकिटं विसरू नका. यादी काढताना थेट सगळी तिकिटं मागवली, तर ज्याला दिसू नयेत त्यालाही ती दिसतात. 'व्हिजिबल' स्कोप (ज्याला जे दिसायला हवं तेवढंच देणारी रेडमाइनची गाळणी) वापरा आणि साध्या सदस्याच्या लॉगिनने तपासा. ॲडमिनला सगळंच दिसतं, त्याच्या लॉगिनने तपासून काही कळत नाही. मुदतीची आठवण पाठवणार असाल तर तारखेकडे बघा: आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) कालचीच तारीख असते. वापरणाऱ्याच्या टाइमझोनची 'आज' रेडमाइन स्वतः देतं, तीच घ्या. चाचणीची तिकिटं मराठीत लिहा. तिकिटांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढताना तिचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) आयएसओ-८८५९-१ राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

परवान्याचं काम थोडं. रेडमाइन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या आवृत्ती २ खाली आहे, त्याच्याशी जुळणारा परवाना निवडा. नोकरी करत असाल तर नेमणूकपत्रातलं कोडच्या मालकीचं कलम वाचा आणि लेखी परवानगी घ्या.

शेवटी आवृत्तीला टॅग लावा आणि प्लगइन कधीच न पाहिलेल्या मित्राला फक्त रीडमी (बसवायच्या सूचनांची) फाइल देऊन त्याच्या मशीनवर बसवायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका. त्याचा फोन आला, तर उत्तर देण्याआधी ती ओळ रीडमीत घाला आणि त्याला पुन्हा वाचायला सांगा.