लोकलच्या स्थानकांवरून शिका एसक्यूएल

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, नुसतं वाचून येत नाही, क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) स्वतः लिहाव्या लागतात. सुरुवातीला एसक्यूलाइट हा डेटाबेस प्रोग्रॅम उत्तम: सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो. फक्त प्रत्येक कनेक्शनला आधी 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' चालवा; एरवी तो फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) तपासत नाही आणि त्या टेबलात नसलेला क्रमांकही मुकाट घेतो.

सरावाला मुंबईची लोकल घ्या. दादर पश्चिम आणि मध्य मार्गांवर, कुर्ला मध्य आणि हार्बरवर. नवखे इथेच 'मार्ग' रकान्यात 'पश्चिम, मध्य' असं कोंबतात. मग हार्बरची स्थानकं काढायला मजकूर चाळत बसावं लागतं. त्यापेक्षा तीन टेबलं करा: स्थानक, मार्ग आणि दोघांना जोडणारं तिसरं. तिसऱ्यात स्थानक क्रमांक, मार्ग क्रमांक (दोन्ही मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख) आणि अनुक्रम. अनुक्रम इथेच हवा, कारण धीम्या गाडीने दादर चर्चगेटपासून मोजलं तर नववं, सीएसएमटीपासून आठवं. स्थानकाचं नाव मात्र इथे पुन्हा लिहू नका. ते अर्ध्याच कीवर, म्हणजे फक्त स्थानक क्रमांकावर, अवलंबून आहे, आणि सेकंड नॉर्मल फॉर्म हा टेबल-रचनेचा नियम नेमकं हेच टाळायला सांगतो.

आता एकही स्थानक न जोडलेला एक मार्ग मुद्दाम भरा. मार्गनिहाय स्थानकं मोजताना लेफ्ट जॉइनसोबत (डावीकडच्या, इथे मार्गाच्या, टेबलाची प्रत्येक ओळ राखणारी जोडणी) 'काउंट(*)' त्या मार्गापुढे 1 दाखवेल, कारण जॉइनमधून नल (रिकामी किंमत) भरलेली एक ओळ येतेच. 'काउंट(स्थानक_क्रमांक)' नल सोडून मोजतं, म्हणून 0. परीक्षेत गुण बहुधा इथेच जातात. दोन्ही क्वेरी चालवून निकाल शेजारीशेजारी पाहा.