बोबड्या बोलांतला नियम कसा ओळखावा

अडीच वर्षांचे मूल खिडकीला ‘तिदती’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला तो एक गोड गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात गोंधळ फारसा नसतोच. ‘ख’मधला महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा हवेचा झोत, गळून त्याचा ‘क’ होतो, तोंडाच्या मागच्या भागातून यायला हवा तो ‘क’ दोन्ही ठिकाणी पुढे दातांपाशी येऊन ‘त’ होतो आणि ‘ड’चा ‘द’ होतो. हेच मूल काकाला ‘ताता’, गाडीला ‘दादी’ आणि नाक या शब्दाला ‘नात’ म्हणत असेल, तर ते चुकत आहे असे म्हणण्यापेक्षा स्वतःचा एक नियम काटेकोरपणे पाळत आहे असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. पालकांनी पहिले काम करायचे ते हा नियम शोधण्याचे. उच्चार सुधारण्याचा विचार त्यानंतर करावा.

सुरुवातीलाच एक घोळ दूर केलेला बरा. बोबडे बोलणे आणि तोतरे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोतरेपणात बोलण्याचा ओघ अडतो, म्हणजे तोच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो किंवा शब्द तोंडातच अडकतो. बोबड्या बोलण्यात ओघ व्यवस्थित असतो; बदलतात ते ध्वनी. या लेखात फक्त बोबड्या बोलण्याचा विचार केला आहे.

‘जीभ जड आहे’ हा घराघरांत दिला जाणारा निर्णयही जरा बाजूला ठेवावा. नील स्मिथ या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या बोलण्याची बारकाईने नोंद करून १९७३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तो मुलगा ‘पडल’ (डबके) या इंग्रजी शब्दाला ‘पगल’ म्हणत असे, मात्र ‘पझल’ (कोडे) म्हणायचे असले की त्याच्या तोंडून नेमके ‘पडल’ येत असे. म्हणजे ‘पडल’ हा उच्चार त्याच्या जिभेला जमत होता, फक्त तो हव्या त्या शब्दासाठी होत नव्हता. त्याआधी १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी नोंदवलेला प्रसंग तर पालकांनी लक्षातच ठेवावा असा आहे. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणत होते. मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस का?’ असे विचारताच ते नाही म्हणाले, आणि ‘फिश का?’ असे विचारल्यावर मात्र आनंदाने म्हणाले, ‘हो, माझा फिस!’ मुलाच्या कानाला बरोबर रूप ठाऊक असते, त्याचे तोंड मागे असते. म्हणूनच कौतुकाने त्याच्याशी बोबडे बोलल्याने त्याला काहीच मिळत नाही.

नियम शोधण्यासाठी एक वही पुरेशी आहे. आठवडाभर रोज दहा-पंधरा मिनिटे मूल खेळत असताना, चित्रे पाहताना किंवा स्वतःशी बडबडत असताना ऐकावे आणि डाव्या बाजूला मूळ शब्द, उजव्या बाजूला मुलाने उच्चारलेला शब्द लिहावा. ‘म्हण पाहू’ असे सांगून शब्द वदवून घेऊ नयेत, कारण ऐकल्याबरोबर केलेली नक्कल मुलाच्या रोजच्या बोलण्यापेक्षा बरेचदा सरस असते आणि वहीत खोटे चित्र उतरते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केल्यास उत्तम. आपला सरावलेला कान नकळत शब्द दुरुस्त करून ऐकतो, ध्वनिमुद्रण तसे करत नाही. लिहिताना लेखन न पाहता ध्वनी पाहावा. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांत अक्षर एकच असले तरी ध्वनी दोन आहेत आणि मूल त्यांतला एक साधून दुसरा चुकवू शकते. तसेच ‘फूल’ किंवा ‘हात’ हे शब्द बोलताना व्यंजनाने संपतात, त्यामुळे शेवटचे व्यंजन गळते आहे का, हे अशाच शब्दांत कळते.

पन्नासेक शब्द जमले की ते गटांत लावून पाहावेत. सर्वांत ठळक गट असतो तो मागचे ध्वनी पुढे आणण्याचा: क, ग यांच्या जागी त, द. टोपीची ‘तोपी’ होते तेव्हाही हाच प्रकार सौम्य रूपात दिसतो. दुसरा गट घर्षक ध्वनी अडवण्याचा: ‘स’ किंवा ‘श’ उच्चारताना हवा सलग घासत बाहेर सोडावी लागते, ते अवघड वाटल्याने मूल ती क्षणभर अडवते आणि साबणाचा ‘ताबण’ होतो. राजाचा ‘लाजा’ किंवा ‘याजा’ होणे बहुतेक सर्वांच्या परिचयाचे आहे. जोडाक्षरांतले एक व्यंजन गळते, म्हणून स्टेशनचे ‘टेशन’ आणि ब्रशचा ‘बश’ होतो. लांबलचक शब्दांतले काही भाग गळतात आणि हेलिकॉप्टरचे नुसते ‘कॉप्टर’ उरते. महाप्राण गळून घराचे ‘गर’ होणे हा प्रकार इंग्रजी पुस्तकांतल्या तक्त्यांत सापडणार नाही, पण मराठी मुलाच्या वहीत तो हमखास येतो. ‘ण’चा ‘न’ किंवा ‘ळ’चा ‘ल’ झाल्यास आधी घरातली मोठी माणसे कशी बोलतात ते आठवावे. बोलीतच तसा उच्चार असेल, तर ती चूक नव्हे.

खरी गंमत येते ती एकच शब्द दोन गटांत बसतो तेव्हा. मूल पुस्तकाला ‘पुत्तत’ म्हणते असे समजू. शेवटच्या ‘क’चा ‘त’ झाला, तो मागचा ध्वनी पुढे आणण्याच्या सवयीने, की शेजारच्या ‘त’च्या ओढीने? एका शब्दावरून हे सांगता येत नाही. अशा वेळी जवळपास ‘त’ नसलेला शब्द पाहावा. नाक हा शब्द ‘नात’ असा येत असेल, तर सवय ‘क’चीच आहे. नाक मात्र स्वच्छ येत असेल, तर ‘क’ मुलाला साधलेला आहे आणि एका शब्दातले दोन ध्वनी एकसारखे करण्याची ओढ तेवढी शिल्लक आहे. टोपीला ‘पोपी’ म्हणण्यात हीच ओढ असते. हा फरक बारीक वाटला तरी घरी नेमके कशाकडे लक्ष द्यायचे, हे त्यावरूनच ठरते. चाकूचा ‘काचू’ होण्यासारखी अक्षरांची अदलाबदल मात्र अधूनमधून दिसली तर तिच्या मागे लागू नये; घाईत मोठ्यांचेही तसे होते.

यानंतर वय पाहावे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासांनुसार शब्दाच्या शेवटचे व्यंजन गाळणे साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मावळते, क-ग यांचे त-द होणे साडेतीनच्या सुमारास थांबते, तर जोडाक्षरे सोपी करणे चौथ्या आणि काही बाबतींत पाचव्या वर्षापर्यंत चालते. शॅरिन मॅक्लिऑड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पाच वर्षांच्या सुमारास मुलांना बहुतेक व्यंजने साधलेली असतात असे दिसले. ‘र’ हा पुष्कळ भाषांत उशिरा येणाऱ्या ध्वनींपैकी आहे, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या ‘लाजा’ने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. ही वये ढोबळ आहेत. वहीतले नियम महिन्यागणिक बदलत आहेत का, हे मला त्यांच्याहून जास्त बोलके वाटते: मागच्या महिन्यात प्रत्येक ‘क’चा ‘त’ होत होता आणि आता निम्म्या शब्दांत ‘क’ येतो, तर नियम सुटू लागला आहे.

घरी करायचे काम थोडेच, पण नेटाने करायचे आहे. मूल ‘ताता आला’ म्हणाले की ‘हो, काका आला, काकाची गाडी आली’ असे सहज म्हणून पुढे जावे. बरोबर उच्चार त्याच्या कानावर दोन-तीनदा पडतो आणि बोलणेही तुटत नाही. ‘ताता नाही, काका म्हण’ असे दर वेळी टोकल्यास मूल बोलणेच कमी करण्याची भीती असते. बोलताना त्याच्या उंचीवर बसून चेहरा समोर ठेवावा. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाबरोबर एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोडीचा खेळ खेळता येतो: एका कागदावर कार आणि दुसऱ्यावर तार काढावी, एकदा आपण मागावे, मुलाने उचलून द्यावे, मग मुलाने मागावे. त्याने ‘तार’ म्हटले की निमूटपणे तारेचे चित्र द्यावे. हवी असलेली कार मिळत नाही हे पाहून, ध्वनी बदलला की अर्थ बदलतो हे त्याचे त्यालाच उमगते. हा खेळ पाच मिनिटांत आवरावा आणि मूल चिडल्यास तत्क्षणी थांबवावा. बोलणे अजिबात कळले नाही, तर कळल्यासारखी मान हलवू नये. जेवढे कळले तेवढे उच्चारून ‘दाखव मला’ असे म्हणावे.

वाट पाहायची नाही अशी काही लक्षणे आहेत. अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचे सुमारे निम्मे, तिसऱ्या वर्षी पाऊण आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळे बोलणे कळावे, हा रूढ ठोकताळा आहे; मूल त्याच्या बरेच मागे असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. पुढचे ध्वनी उलट मागे नेणे, म्हणजे ताटाला ‘काक’ म्हणणे, हा प्रकार तुलनेने विरळ असून तो टिकून राहिल्यास दुर्लक्षू नये. तीन वर्षांनंतरही स्वर बिघडत असतील, तोच शब्द प्रत्येक वेळी वेगळाच येत असेल, बोलताना मुलाला तोंडाशी झगडावे लागत असेल किंवा साधलेले ध्वनी आणि शब्द पुन्हा हरवत असतील, तर वयाचा हिशेब न करता जावे. मूल स्वतः बोलणे टाळू लागले, तरीही जावे.

पहिल्या भेटीत बहुधा कानांची तपासणी सुचवली जाते. ती टाळू नये. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहिला, तर मूल हाकेला ओ देते, पण ‘स’सारखे क्षीण ध्वनी त्याला अंधुकच ऐकू येतात, आणि जे नीट ऐकू येत नाही ते उच्चारात येणे कठीण. भेटीला जाताना वही आणि दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, कारण अनोळखी खोलीत शिरताच बहुतेक बडबडी मुले नेमकी गप्प बसतात.