उभ्या बंबाची निगा: छोट्या अग्निशमन केंद्रातली गाडी, पंप आणि साहित्य

एसटीची बस रोज पळते, त्यामुळे तिच्यात काही बिघडले तर ते चालता चालताच कळते. नगरपरिषदेचा बंब मात्र दिवसेंदिवस शेडमध्ये उभा असतो आणि एखाद्या मध्यरात्री आगीची वर्दी आली की पहिल्याच मिनिटाला पूर्ण ताकदीने चालावा लागतो. उभ्या गाडीत बॅटरी उतरते, हवा गळते, रबर कडक होते, व्हॉल्व्ह अडकतात, आणि यातले काहीच बाहेरून दिसत नाही. म्हणून बंबाची देखभाल किलोमीटरवर बेतून चालत नाही. ती तारखेवर आणि चाचणीवर बेतावी लागते. इथे ४,५०० लिटर टाकी आणि मिनिटाला १,८०० लिटरचा पंप असलेली नेहमीची गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. बहुतेक छोट्या केंद्रांत अशीच एखाद-दुसरी असते.

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे यंत्रचालक गाडीपाशी हजर हवेत. 'सर्व ठीक' असा शेरा मारून सही करणे ही सवय मोडायची असेल तर रजिस्टरात शेऱ्याचा रकानाच ठेवू नका, आकड्यांचे रकाने ठेवा: हवेचा दाब, बॅटरीचे व्होल्टेज, डिझेल, बी.ए. (धुरात श्वास घेण्याच्या) सिलिंडरचा दाब. पाण्याची टाकी मॅनहोल उघडून बघा. लेव्हल दाखवणाऱ्या नळीत गाळ अडकला की अर्धी टाकीही भरलेली दिसते. डिझेल पाऊण टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, कारण आगीवर पंप तासन् तास चालतो आणि तिथून पेट्रोल पंपावर जायला सवड नसते.

हवेच्या ब्रेकवर विशेष लक्ष हवे. रात्रभरात दाब उतरला की मागचे स्प्रिंग ब्रेक लागलेलेच राहतात. मग इंजिन सुरू होऊनही हवा भरेपर्यंत बंब जागचा हलत नाही, आणि तीन-चार मिनिटे शेडमध्येच जातात. संध्याकाळी इंजिन बंद करताना दाब लिहा, सकाळी सेल्फ मारण्याआधी पुन्हा लिहा. फरक दर आठवड्याला वाढत असेल तर साबणाचे पाणी घेऊन जोड, ब्रेक चेंबर आणि ड्रेन व्हॉल्व्ह तपासा. हवेच्या टाक्यांतले पाणी रोज सोडा. पावसाळ्यात ते बरेच निघते. शेडमध्ये छोटा कॉम्प्रेसर आणि बॅटरी चार्जर कायम जोडून ठेवला तर हे दोन्ही प्रश्न निम्मे होतात. जोडणी मात्र अशी करा की गाडी निघताना ती ओढली जाऊन आपोआप सुटेल.

बॅटरीचे पाणी हायड्रोमीटरने महिन्यातून दोनदा मोजा. १.२६० ते १.२८० म्हणजे पूर्ण चार्ज. १.२२० च्या खाली आले तर काढून चार्ज करा. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक गेली तर दोन्ही बदला, नाहीतर जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते.

रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन घरघरत ठेवण्याची प्रथा सगळीकडे आहे, आणि ती गाडीचे नुकसान करते. थंड इंजिनात काजळी धरते, ऑइलमध्ये डिझेल उतरते आणि सेल्फ मारताना खर्च झालेली बॅटरी तेवढ्यात भरत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा टाकी भरलेली ठेवूनच १५-२० किलोमीटर रस्त्यावर न्या आणि परतल्यावर अर्धा तास पंप भाराखाली चालवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर हे टाळताच येत नाही. छोट्या फेऱ्यांनी सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर भरतो, आणि तो जळून साफ व्हायला गरम इंजिन लागते. दिवा लागूनही दुर्लक्ष केले तर इंजिन स्वतःच ताकद कमी करते, तेही नेमके आगीवर. याच गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारे डीईएफ द्रव ३० अंशांत सुमारे वर्षभर टिकते, ३५ अंशांत सहा महिनेच. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली वर्षाचा साठा करण्यात अर्थ नाही.

टायरची नक्षी बघून टायर चांगला ठरवू नका. साडेचार टन पाणी चोवीस तास त्यावर उभे असते, स्प्रिंगच्या पाट्यांवरही. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: '३२१९' म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. सहा-सात वर्षे झाली, बाजूला बारीक भेगा दिसल्या, की नक्षी शाबूत असली तरी बदला.

पंप

सेंट्रिफ्युगल पंप स्वतः हवा ओढू शकत नाही. विहिरीतून किंवा नदीतून पाणी घ्यायचे तर आधी प्रायमरने (हवा काढणाऱ्या छोट्या पंपाने) निर्वात करावे लागते, आणि सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या, वाटेत सुईएवढे छिद्र असले तरी पाणी चढत नाही. गावाला टँकरने पाणीपुरवठा होतो म्हणून सक्शन वर्षानुवर्षे जोडलाच जात नाही, हे बहुतेक केंद्रांचे वास्तव आहे. दर आठवड्याला कोरडी निर्वात चाचणी घ्या:

१. पंपातले सगळे पाणी काढा. ड्रेन आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.
२. डिलिव्हरी (पाणी बाहेर सोडण्याचे) व्हॉल्व्ह बंद ठेवा, पण त्यांची झाकणे काढा. झाकण बसवलेले असेल तर आतला गळका व्हॉल्व्ह लपून जातो.
३. आधी सक्शनच्या तोंडावरच ब्लँक कॅप लावून प्रायमर चालवा. ४५ सेकंदांत ०.८ बार, म्हणजे जुन्या गेजवर सुमारे २४ इंच, निर्वात मिळायला हवे. ४५ सेकंदांच्या पुढे चालवू नका. शाफ्टभोवतीचा मेकॅनिकल सील कोरडा असताना जळतो.
४. प्रायमर बंद करून एक मिनिट काटा बघा. ०.३ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे.
५. आता सगळे सक्शन पाइप जोडा, शेवटच्या टोकाला कॅप लावा आणि पुन्हा हेच करा.

तिसरी पायरी पास आणि पाचवी नापास झाली तर दोष पाइपात किंवा जोडातल्या रबरी वायसरमध्ये आहे. बहुतेक वेळा वायसर सुकून कडक झालेला असतो नाहीतर खाचेत वाळूचा कण असतो. तिसरीच नापास झाली तर ग्लँड (शाफ्टभोवतीची पॅकिंगची जागा), ड्रेन किंवा प्रायमर बघा. जागा सापडत नसेल तर दाढीचा फेस जोडांवर लावा. जिथे तो आत ओढला जातो तिथे गळती आहे. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाबच कमी असतो. तिथे ०.७ च्या आसपास मिळाले तरी पंपाला दोष देऊ नका. त्या उंचीवर पाणीही कमी खोलीवरून चढते. समुद्रसपाटीजवळ व्यवहारात ७ मीटर ही मर्यादा धरा.

ओली चाचणी तीन महिन्यांतून एकदा खऱ्या विहिरीवर घ्या. १०० मिमी सक्शनची जाळी पाण्याखाली निदान ३० सेंटिमीटर हवी, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. पंपात खडी हलल्यासारखा आवाज आला तर पाणी कमी पडते आहे. आधी जाळी बघा, इंजिनचा वेग नंतर.

पाणी किती जाते हे तपासायला घड्याळ पुरते. टाकी काठोकाठ भरा, १५ मीटरचा एकच ६३ मिमी होज (पाणी नेणारी कापडी नळी), २० मिमी नोझल, पंपाच्या गेजवर ७ बार (बोलीत ७ किलो). मिनिटाला सुमारे ७०० लिटर जाते आणि ४,५०० लिटरची टाकी साधारण साडेसहा मिनिटांत रिकामी होते. गेज ७ दाखवत असूनही नऊ मिनिटे लागली तर नोझलमध्ये कचरा अडकला आहे किंवा गेज खोटे बोलते. पाच मिनिटांतच संपली तर टाकीत तळाशी गाळ साचून जागा कमी झाली असेल. या चाचणीसाठी वेगळा खर्च नाही, तेच पाणी नगरपरिषदेच्या बागेला द्या.

ग्लँड पॅकिंगच्या पंपात थेंब थेंब पाणी पडणे योग्यच. ते थांबेपर्यंत नट आवळला तर शाफ्ट खरवडला जातो. मेकॅनिकल सीलमधून मात्र थेंबही पडता कामा नये. सगळ्या डिलिव्हरी बंद करून पंप चालता ठेवला की तेच पाणी घुसळून तापते. ब्रँच (होजच्या टोकाची नोझलची नळी) बंद करावी लागली तर होज रील (गाडीवरच्या चाकावर गुंडाळलेली बारीक रबरी नळी) थोडी उघडी ठेवा. उभ्या गाडीचे इंजिन पंपातल्या पाण्याने थंड ठेवणारी वेगळी नळी असेल, तर तिची छोटी जाळी महिन्याला काढून धुवा. 'आगीवर गाडी गरम होते' या तक्रारीचे मूळ अनेकदा तिथे असते.

वर्दीहून परतल्यावर गढूळ पाणी, फोम किंवा खारे पाणी वापरले असेल तर गोड्या पाण्याने पंप, सर्व डिलिव्हरी, होज रील आणि फोमची नळी पाच मिनिटे धुवा. कोकणात खाडीचे पाणी घेतले तर हे त्याच रात्री करावे लागते, सकाळपर्यंत थांबू नये. फोमचे कॅन सावलीत, झाकण घट्ट. दोन कंपन्यांचे किंवा ३ आणि ६ टक्क्यांचे फोम एका टाकीत मिसळू नका. त्याचा गोळा होऊन फोम पाण्यात मिसळणारा इंडक्टर तुंबतो.

होज

ओला होज रस्त्यावर उन्हात पसरणे ही सर्वांत महाग बचत आहे. आतले रबर तडकते आणि कापडापासून सुटते. साध्या पाण्याने धुवा, तेल लागले असेल तरच सौम्य साबण. सावलीत टांगून वाळवा. १५ मीटरचा होज मधोमध टांगायला आठ-नऊ मीटर उंची लागते. टॉवर नसेल तर उतरत्या छपराखाली लांब फळी चालते. गुंडाळलेल्या होजची घडी दर तीन महिन्यांनी सरकवा, कारण फाटतो तो नेहमी घडीवरच.

वर्षातून एकदा प्रत्येक होज हवा पूर्ण काढून पाण्याने भरा आणि १० बारवर पाच मिनिटे ठेवा. आधी कपलिंगच्या (होजच्या टोकाच्या धातूच्या जोडाच्या) मागे पेन्सिलने रेघ ओढा. रेघ सरकली तर कपलिंगची तार पुन्हा बांधावी लागेल. दाब असताना कपलिंगच्या समोर कोणी उभे राहू नये. फिमेल कपलिंगचा वायसर बोटाने दाबून बघा आणि प्लंजरच्या स्प्रिंगमधली वाळू ब्रशने काढा. प्रत्येक कपलिंगवर क्रमांक ठोका. गनमेटल भंगारात चांगला भाव खाते, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक असते.

बी.ए. सेट

६ लिटर, ३०० बारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटे, पण हवा संपत आल्याची शिटी ५५ बारच्या आसपास वाजते, म्हणजे कामाची मिनिटे ३६-३७. जिने चढणाऱ्या जवानाला त्याहून कमी मिळतात. २४० बारच्या खालचा सिलिंडर गाडीवर ठेवू नका. रोज व्हॉल्व्ह उघडून दाब वाचा, बंद करा, एक मिनिट थांबा. १० बारपेक्षा जास्त उतरला तर सेट बाजूला काढा. मग हवा हळूहळू सोडत शिटी कोणत्या आकड्याला वाजते ते लिहा. मास्क कोमट साबणपाण्याने धुवा, सावलीत वाळवा, पट्टे सैल करून ठेवा. दाढीवर मास्क बसत नाही, यात वाद घालू नका. सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीख संपली की तो भरायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा घेण्याची नळी गाडीच्या धुरापासून दूर हवी. पावसाळ्यात त्याचा ओलावा शोषणारा फिल्टर लवकर भरतो.

बाकीचे थोडक्यात. कटर-स्प्रेडर महिन्याला पूर्ण उघडून-मिटून बघा आणि ठेवताना पात्यांत बोटभर फट ठेवा. दोर बॅटरीजवळ कधीच नको. पेट्रोलच्या पोर्टेबल पंपातले जुने पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर रिकामा करा. शिडीच्या कप्प्या आणि अडकवणाऱ्या आकड्यांना ग्रीस, लाकडाला रंग नको. रंगाखाली तडा दिसत नाही.

रजिस्टर आणि पैसा

पंप चालल्याचे तास स्वतंत्र लिहा. एक तास पंप म्हणजे ४०-५० किलोमीटर धरून ऑइल बदला, नाहीतर मीटरवर वर्षाला दोन हजार किलोमीटरच दिसतात आणि ऑइल काळेकुट्ट होते. कपाटात ६३ मिमी वायसर २०, सक्शनचे ४, ग्लँड पॅकिंग, प्रायमरचा बेल्ट, डिझेल फिल्टर, फ्यूज आणि बल्ब एवढे कायम हवे. खरेदीची फाइल फिरेपर्यंत एका वायसरसाठी बंब बंद ठेवणे परवडत नाही. देखभालीच्या वार्षिक करारात 'पंप सर्व्हिस' एवढेच लिहू नका. कामानंतर निर्वात चाचणीचा आकडा लिहून दिल्याशिवाय बिल नाही, ही अट घाला. गाडी वर्कशॉपला जाणार असेल तेव्हा शेजारच्या नगरपरिषदेला, एमआयडीसीच्या केंद्राला आणि साखर कारखान्याला आधी कळवा.

मोठी कामे हंगाम बघून लावा. फेब्रुवारीअखेर गाडी व पंप, मेमध्ये बोट, झाडे कापायची करवत आणि पाणी उपसण्याचे पंप, दिवाळीच्या आधी होज रील. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मृतीत १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जातो आणि प्रदर्शनासाठी सगळे साहित्य बाहेर काढावेच लागते. वार्षिक मोजणी आणि होज चाचणी त्याच आठवड्यात उरकता येते.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी आणि नगरपालिकांच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. चेसिसची खरेदी, त्यावर टाकी-पंप बांधणे, तपासणी आणि नोंदणी यात बराच काळ जातो, त्यामुळे नव्या बंबाचा प्रस्ताव बाराव्या वर्षीच सभेपुढे जायला हवा. जुन्या गाडीचे निर्लेखन करण्याआधी, म्हणजे ती नोंदीतून काढण्याआधी, शिडी, सक्शन, ब्रँच, मॉनिटर (गाडीवरची पाण्याची तोफ) आणि सायरन उतरवून डेडस्टॉक रजिस्टरात वेगळ्या ओळींवर चढवा. लिलावात गाडीबरोबर ते गेले की परत येत नाहीत.